पाटलोणशेटचा तिसरा अंक

१

वाचनालयात काम करणारी विनिता तरे शेडमध्ये शिरली तेव्हा लोखंडी कपाट सताड उघडं होतं आणि त्याच्यासमोर फरशीवर चांगदेव शेलार आडवे पडले होते.

बुधवारचे सकाळचे दहा वाजले होते. भिवंडीतली ही शेड एकेकाळी पॉवरलूमची होती. लूम भंगारात गेले, जमिनीत त्यांचे बोल्ट तेवढे उरले, आणि त्या बोल्टांना ठेचकाळत गेले तीन महिने इथे नाटकाच्या तालमी चालल्या होत्या. चांगदेवकाकांचा उजवा हात लुळा पडला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डोळे मात्र जागे होते, आणि ते विनिताकडे पाहत नव्हते. ते खिळले होते कपाटाच्या मधल्या कप्प्यावर.

कप्पा रिकामा होता.

"काका! मी विनिता. ऐकू येतंय ना?"

ओठ हलले. जड दगड सरकवावा तसा त्यांनी एक शब्द तोंडाबाहेर ढकलला.

"पाटलोण."

दवाखान्यात पोचेपर्यंत ते तेवढंच म्हणत राहिले. दुपारी दिघाशीहून त्यांची बायको पुतळाबाई आली. येताना तिने घरातल्या चारही पाटलोणी पिशवीत घालून आणल्या होत्या. करडी दाखवली, काळी दाखवली, एसटीत कंडक्टर होते तेव्हाची खाकीसुद्धा दाखवली. काकांनी डाव्या हाताने सगळ्या झिडकारल्या आणि पुन्हा तोच शब्द उच्चारला. या वेळी डोळ्यांत पाणी होतं.

"आता कंची पाटलोन आनू गं?" पुतळाबाई रडकुंडीला आली. "एवढ्याच हायत. पाचवी न्हाय."

डॉक्टरांनी विनिताला बाजूला घेतलं. "मेंदूतल्या बोलण्याच्या भागाला धक्का बसलाय. हळूहळू येईल. पण हे जे काही मागतायत ते मिळालं तर बरं. दर वेळी प्रेशर चढतंय, आणि ते त्यांना परवडणारं नाही."

विनिता पलंगाजवळ वाकली. तिला तो रिकामा कप्पा दिसत होता. तपकिरी पुठ्ठ्याची जाड वही गेले तीन महिने तिथेच असायची.

"काका, तुमची वही गेली?"

काकांचा डावा हात तिच्या मनगटावर घट्ट बसला.

२

काकांनी लिहून बसवलेल्या नाटकाचं नाव होतं 'पाटलोणशेट'. रविवारी पहिला प्रयोग होता. दोन अंक नटांना पाठ होते. तिसरा फक्त त्या वहीत होता.

ही काकांची खोड होती. शेवट नटांना आधी कळला की ते पहिल्या अंकापासून शेवटासारखे चालू लागतात, असं त्यांचं म्हणणं. तिसरा अंक ते गुरुवारी वाचून दाखवणार होते. नक्कल नाही, फोटो नाही.

तीस वर्षांपूर्वी काकांनी बिनपगारी रजा घेऊन मुंबईत पंधरा दिवसांचं शिबिर केलं होतं. शिकवायला एक इटालियन मास्तर आला होता. जाताना त्याने काकांना चामड्याचा मुखवटा दिला. बाकदार नाकाचा, भुवया ताणलेला. तो पांतालोने. जुन्या काळी इटलीत मंडळ्या गावोगाव चौकात मुखवटे घालून हास्यखेळ करायच्या, त्यातला व्हेनिसचा म्हातारा व्यापारी. कंजूष, संशयी, सतत कमरेवर हात. त्याच्या लाल विजारीवरून पुढे तसल्या विजारींनाच त्याचं नाव पडलं आणि देश बदलत बदलत ते आपल्याकडे पाटलोण होऊन आलं. माणूस आधी, पाटलोण नंतर.

मग त्या माणसाचं नाव कुठून आलं? काकांनी सगळ्या मंडळींना सांगितलं होतं, 'पियांता लेओने', म्हणजे सिंह रोवणारा. व्हेनिसच्या झेंड्यावर सिंह होता आणि तिथले व्यापारी जातील तिथे तो रोवायचे. नटांना हे फार आवडलं होतं. 

पण एकदा वाचनालयात विनिताच्या टेबलाशी बसून काका डोळा मारत म्हणाले होते, "सिंहाची गोष्ट नुस्ती थाप हाय. खरी गोष्ट तिसऱ्या अंकात. कुनाला बोलू नको."

खरी गोष्ट विनिताला माहीत होती, कारण संदर्भ तिनेच काढून दिले होते. पांतालेओने नावाचा एक संत होता. पेशाने वैद्य. रोग्यांकडून काही घेत नसे. व्हेनिसमध्ये त्याच्यावर लोकांची एवढी भक्ती की पोरांना सर्रास त्याचं नाव ठेवायचे. तेच नाव या चिक्कू म्हाताऱ्याला चिकटलं असावं, असं बहुतेक जाणकारांचं मत. या गोष्टीचं काकांनी वहीत काय केलं, ते मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. ते अधूनमधून शब्द मागायला यायचे तेवढंच. वल्ही मारणाऱ्याला जुना शब्द काय, हाडं बसवणाऱ्याला पुस्तकात काय म्हणतात, 'चिक्कू'ला जरा मायेचा शब्द आहे का. ती द्यायची, ते तिकिटाच्या पाठीमागे लिहून घ्यायचे.

मंगळवारी संध्याकाळी सातला काकांनी वही कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली नेहमीसारखी जुन्या स्विचबोर्डामागे टांगली. विनिता तिथेच होती. बुधवारी दहाला वही नव्हती. कपाटाची किल्ली कुठे असते ते सगळ्यांनाच माहीत होतं. पण शेडच्या दाराच्या किल्ल्या चारच. एक काकांकडे.

उरलेल्या तीन किल्ल्यांची तीन माणसं होती. आणि हातात चार दिवसही नव्हते.

३

मनोज भोईर गोदामात सुपरवायझर होता आणि नाटकात पाटलोणशेट. गुरुवारी सकाळी शिफ्ट संपवून तो गोदामाच्या फाटकाशी आला तो घाईतच.

"मॅडम, मी आधीच सांगतो, वही मी नाय घेतली."

"घेतली असं मी म्हणाले कुठे?"

"सगळे म्हणतायत ना! रविवारी सीरियलवाला माणूस बघायला येतोय. आणि मंडळीत चर्चा आहे की तिसऱ्या अंकात शेवटचा सीन अश्फाकला दिलाय, नाटकातल्या माझ्या नोकराला. म्हणजे मनोजने वही गायब केली, हिशेब सोपा."

त्याने खांद्यावरची बॅग छातीशी धरली होती. साध्या डब्याच्या बॅगेला कोणी असं धरत नाही.

"मनोज, बॅगेत काय आहे?"

"डबा."

"दाखव."

तो इकडेतिकडे बघू लागला. विनिताने हात पुढे केला आणि तसाच ठेवला. शेवटी त्याने चेन ओढली. आत टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळलं होतं. तपकिरी रंगाची कड बाहेर डोकावत होती. वहीचाच रंग. तिने टॉवेल उलगडला.

चामड्याचं बाकदार नाक तिच्याकडे रोखून पाहत होतं.

"मुखवटा शेडबाहेर न्यायचा नाही, काकांची सक्त ताकीद," मनोज खाली बघत म्हणाला. "पण घरी आरशासमोर केल्याशिवाय मला जमत नाय. मंगळवारी निघताना खिळ्यावरून काढला. कपाटाला हात नाय लावला, कसम से."

विनिताने मुखवटा परत गुंडाळला. "एक सांग. पाटलोणशेट हे नाव कुठून आलं?"

तो एकदम ताठ झाला, कमरेवर हात गेले, आवाज बदलला. "पियांता लेओने! सिंह रोवणारा!"

समोरून कंटेनर गेला, त्याच्या ड्रायव्हरने खूश होऊन हॉर्न दिला.

४

दुसरी किल्ली नाटकाचे कपडे शिवणाऱ्या हेमालीकडे होती; तिचं दुकान बाजारपेठेतल्या गल्लीत होतं. मशीनवरून पाय न काढता तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझं आणि काकांचं भांडण झालं, खरंय. सगळ्यांसमोर झालं. ते म्हणाले, शेटला लाल घट्ट विजार पाहिजे. मी म्हटलं, नाटकाचं नाव पाटलोणशेट आणि माणूस घट्ट विजारीत? लोक हसतील. ते म्हणाले, हसायलाच येणारेत." तिने दोरा दाताने तोडला. "पण वही नेऊन मी काय करू? मला वाचायचा कंटाळा."

"नाव कुठून आलं असेल, पाटलोणशेट?"

"पाटलोणीवरून. आणखी कुठून येणार? ती सिंहाची भानगड मला कधी पटली नाही."

विनिता उठली. दारापर्यंत गेली तेव्हा हेमालीने मशीन थांबवली.

"ताई, एक बारीक गोष्ट आहे. कामाची आहे का माहीत नाही. बुधवारी सकाळी आठला मी शिवलेले कपडे दोरीवर लावायला शेडमध्ये गेले होते. कपाटाला कुलूप होतं. पण खिडकीशी दोन खुर्च्या ओढलेल्या होत्या. समोरासमोर, अगदी जवळजवळ. मंगळवारी निघताना मी सगळ्या खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. ती खिडकी दिव्याखालीच आहे, वाचायला उजेड तिथेच."

"म्हणजे दोघं बसले होते?"

"बसले असते तर गुडघ्याला गुडघे लागले असते. एवढ्या जवळ कोण बसतं?"

पायऱ्या उतरताना विनिता मनात त्या दोन खुर्च्या मांडत राहिली. आठ वाजता कुलूप होतं, पण आत वही होती का? चोर तिथेच बसून वाचत होता, हे नक्की. ज्याला नाटक बंदच पाडायचं आहे तो वही उचलून चालता होईल. बसून वाचणारा माणूस वेगळा.

तिसरी किल्ली शेडच्या मालकाकडे होती.

५

रामनाथशेठ केणी यांच्या चार शेड होत्या, सात गोदामं होती, आणि भिवंडीत ज्याला त्याला माहीत होतं की पाटलोणशेट म्हणजे तेच. कमरेवर हात ठेवून चालायची लकब तीच, 'बघू' म्हणून वाक्य संपवायची पद्धत तीच. शेड काकांना वापरायला दिली होती ती लहानपणच्या दोस्तीखातर. महिन्यापूर्वी शेठसमोर पहिल्या अंकाची तालीम झाली, मंडळी पोट धरून हसली, आणि रामनाथशेठ मध्येच उठून गेले. तेव्हापासून दोघांत अबोला होता.

"ये बाय, बस," शेठ ऑफिसातल्या खुर्चीवरून म्हणाले. डावा पाय समोरच्या स्टुलावर लांब टाकलेला होता. "चांग्या कसा हाय?"

"बोलता येत नाही. वही मागतात."

शेठ खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर हमाल गठ्ठे उतरवत होते.

"तुमची किल्ली कुठे असते?"

"ही काय, जुडग्यात." त्यांनी जुडगा टेबलावर ठेवला. "मी नेली असं वाटतं तुला? सगळ्यांनाच वाटत असेल. माझी टिंगल केलीय ना त्याने. करू दे! अगं, ज्या नावाचा मूळपुरुष फुकट लोकांची हाडं बसवणारा, त्या नावाने मला कोणी हाक मारली तर मी रागावू कशाला?"

सिंह नाही. पाटलोण नाही. शेठना तिसऱ्या अंकातला संत माहीत होता!

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? नातीने. क्षितिजाने मोबाईलवर काढून दाखवलं. आता काय लपून राहतं मोबाईलमध्ये?"

शेजारच्या टेबलावर कॉलेजातली क्षितिजा बिलं लावत होती. विनिताने तिच्याकडे पाहिलं. मुलीने मान डोलावली. "हो, आजोबांना दाखवलं होतं मी. काल."

तिथे संशय विझला. कोणीही मोबाईलवर शोधलं तर दोन मिनिटांत संत सापडतो. विनिताने नमस्कार केला आणि ती बाहेर पडली. पण रिक्षात बसल्यावरही तिला कुठेतरी खुपत होतं, बुटात खडा गेल्यासारखं. शेठ काहीतरी बोलले होते आणि ते तिने नीट ऐकलं नव्हतं.

६

शुक्रवारी ती वज्रेश्वरीच्या बसने दिघाशीला गेली. काकांनी एखादा कच्चा खर्डा घरी ठेवला असेल, एवढीच आशा होती. पुतळाबाई कपडे न्यायला घरी आली होती. दोघींनी मिळून ट्रंक उपसली, माळा पाहिला. तिकिटांच्या पाठीवर लिहिलेले शब्द सापडले, बाकी काही नाही.

आणखी एक सापडलं. उशीखाली रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटं होती, त्यांतली एकही गोळी काढलेली नव्हती.

"बघ!" पुतळाबाईने कपाळावर हात मारला. "रोज इचारत व्हते, घेतली का? घेतली म्हनायचे. नाटकाच्या नादात काय बी ध्यानात न्हाय."

ती चहा ठेवायला गेली. विनिता ओटीवर बसून तिकिटं चाळू लागली. 'नावाडी'. 'चिकट'. 'हाडवैद्य'. 

शेवटच्या तिकिटावर तिची बोटं थांबली.

"मावशी, काकांना हाडवैद्य हा शब्द कशाला हवा होता?"

"हाडवैद?" पुतळाबाई आतून म्हणाली. "सासूवर लिव्हत असतील. राहीबाई. आजूबाजूच्या धा गावचे लोक यायचे तिच्याकं. हात मोडला, पाय मोडला, ती बसवायची. कंदी कुनाचा तांदूळ घेतला न्हाय. फुकट हाडं बसवायची."

फुकट हाडं बसवायची!

विनिता उठून उभीच राहिली. शेठचे हेच शब्द! अगदी हेच! तिने मोबाईल काढला आणि संत पांतालेओने शोधला. एक पान, दुसरं पान, पाचवं पान. वैद्य, चिकित्सक, राजवैद्य. आंधळ्याला बरं केलं, पांगळ्याला चालवलं. हाडं बसवल्याचं कुठेच नव्हतं. कारण हाडं त्या संताने बसवलीच नव्हती. ती बसवली होती दिघाशीच्या राहीबाईने, आणि काकांनी आपल्या आईचं काम उचलून संताच्या हातात दिलं होतं. ते फक्त एका ठिकाणी लिहिलेलं होतं.

क्षितिजाने आजोबांना मोबाईलवर संत दाखवला तो बुधवारी. वही वाचून झाल्यावर शेठनीच तिला शोधायला लावलं असणार, हे खरं आहे का बघायला. काकांशी तर महिनाभर अबोला होता, त्यांच्याकडून कळायचा प्रश्नच नव्हता. आणि त्या दोन खुर्च्या! दोन माणसं नव्हतीच. एकीवर माणूस होता. दुसरीवर त्याचा डावा पाय.

"मावशी, चहा नको! बस किती वाजता आहे?"

७

क्षितिजा घरी गेली होती. ऑफिसात शेठ एकटेच होते, पाय स्टुलावर.

"शेठ, तो संत हाडं बसवायचा हे तुमच्या नातीने कुठे वाचलं?"

"असेल कुठेतरी."

"मी सगळं पाहिलं. सगळीकडे नुसता वैद्य आहे. हाडं एकाच माणसाने लिहिलीत, कारण त्याची आई..."

"राहीबाई," रामनाथशेठ म्हणाले. 

नाव त्यांच्या तोंडून इतक्या मऊ आवाजात आलं की विनिता पुढचं बोलायचं विसरली. त्यांनी खण उघडला. तपकिरी पुठ्ठ्याची वही टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.

"मी नऊ वर्षांचा होतो. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर शेवाळावरून घसरलो. हा पाय दोन ठिकाणी मोडला. बापाने गाडीत घालून राहीबाईकडे नेला. दीड महिना तिच्या घरात झोपून होतो. तिथे चांग्याची दोस्ती. बापाने तांदळाचं पोतं पाठवलं तर तिने गाडीवानाकडून परत धाडलं." त्यांनी पायावर हात फिरवला. "हाड सरळ बसलं बघ. म्हातारपणी कुरकुरतं, तेवढंच."

"मग वही का नेलीत?"

"भीतीने. पहिल्या अंकात एवढं हसवलंय, तर तिसऱ्यात माझी पार लाज काढली असेल असं वाटलं. मंगळवारी साडेसातला गेलो. वाचायला बसलो." त्यांनी वहीकडे बोट केलं. "त्यात पाटलोणशेट शिडीवरून पडतो. पाय मोडतो. आयुष्यभर ज्यांना लुबाडलं त्यांतलं कोणी पुढे येत नाही. त्याचा नोकर नामा येतो, पाय बसवतो, आणि सांगतो की शेट, तुझं नाव कोणाचं हाय ते तुला म्हाईत हाय का? मग शेट मुखवटा काढतो. बाय, मी रडलो. पुन्हा वाचायची होती म्हणून घरी नेली. चांग्या रोज अकराला येतो, सकाळी साडेनऊला परत ठेवू, असं ठरवलं. फाट्यावर कंटेनर आडवा झाला. नेमका त्या दिवशी चांग्या लवकर आला. पोचलो तेव्हा शेडबाहेर ॲम्ब्युलन्स उभी होती."

बाहेर हमालांची हाकाटी चालू होती. शेठनी खण लोटून बंद केला.

"मी त्याला पाडलं, बाय. मग वही कुठल्या तोंडाने देऊ?"

विनिताने त्या गोळ्यांच्या न फोडलेल्या पाकिटांबद्दल सांगितलं. "तुमच्यामुळे झालं की गोळ्यांमुळे, डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. मी तुम्हाला मोकळं करत नाही. पण तीन दिवस ते माणूस एकच शब्द मागतंय आणि तो तुमच्या खणात पडलाय."

"तू घेऊन जा."

"मी दवाखान्यात त्यांना वाचून दाखवणार आहे. उद्या सकाळी दहाला. यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

८

शनिवारी सकाळी विनिताने पलंगावर वही ठेवली तेव्हा काकांनी ती डाव्या हाताने छातीवर ओढून घेतली आणि बराच वेळ सोडली नाही. पुतळाबाई तोंडाला पदर लावून रडली, मग स्वतःच म्हणाली, "वाच गं आता. उद्याला खेळ हाय."

मोबाईल उशाला ठेवला होता, स्पीकर चालू करून. पलीकडे शेडमध्ये मनोज, अश्फाक आणि हेमाली फोनभोवती बसले होते. विनिता एकेक वाक्य वाचायची, हेमाली लिहून घ्यायची, आणि मध्येच मनोज ओरडायचा, "थांबा थांबा, हे परत! शिडीवरून कसा पडतो ते परत!"

"अरे भाई, लिखने तो दे उसको," अश्फाक हसत होता.

शिडी झाली. पाय मोडला. कोणी पुढे येईना. विनिता वाचत होती आणि काकांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, आवाजाशिवाय. 

तेवढ्यात दारात सावली पडली. रामनाथशेठ काठी टेकत उभे होते. आत येत नव्हते.

विनिता थांबली. फोनमधून मनोज म्हणाला, "मॅडम? लाईन गेली का?"

"लाईन आहे," रामनाथशेठ दारातूनच मोठ्याने म्हणाले. "मनोज, मी रामनाथ. वही मी नेली होती. माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांची तीन दिवस धावपळ झाली. तुझ्यावर आळ आला. सगळ्यांना ऐकू दे."

पुतळाबाई ताडकन उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. विनिता काकांकडे बघत होती. त्यांनी डोळे दाराकडे वळवले होते. श्वास जोरात चालू होता. मशीनवरचा आकडा वर गेला, नर्स पुढे सरकली.

काकांनी डावा हात उचलला. पलंगाशेजारच्या स्टुलाकडे केला. गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ एकमेकांवर दाबले गेले, उघडले, पुन्हा दाबले गेले. बुधवारपासून त्यांच्या तोंडून दुसरा शब्द आला नव्हता.

"बस," चांगदेव म्हणाले.

रामनाथशेठ आले. स्टुलावर बसले. काठी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, ती पुतळाबाईने त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि पलंगाला टेकवून ठेवली, जरा जोरातच.

"काका बोलले?" फोनमधून हेमाली किंचाळली. "बोलले ना आत्ता?"

"बोलले," विनिता म्हणाली. तिचा आवाज चढला होता, तिला तो आवरता येत नव्हता. "दुसरा शब्द बोलले!"

पलीकडे एकच गलका झाला. कोणीतरी रिकाम्या ड्रमवर थापा मारल्या. मग मनोजचा आवाज आला, धापा टाकत.

"शेठ, तुमचं आपण नंतर बघू. आधी डायलॉग! मॅडम, नामा पाय हातात घेतो, तिथपर्यंत झालंय. पुढे?"

काकांनी बोटाने वहीवर टकटक केलं. विनिताने पान उलटलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं.